सोळा दिवसांचा अबोला

सुशीलच्या हातून झालेली चूक तशी फार मोठी नव्हती. हिंगण्याच्या एका कारखान्यात तो गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करायचा. अकरा वर्षांत त्याने पास केलेला माल कधी परत आला नव्हता. त्या वर्षी जुलैत एक खेप परत आली. ब्रॅकेटची भोकं अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली होती आणि कागदावर सही सुशीलची होती. मॅनेजर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, कागद पुढे सरकवला आणि "पाहू आता," एवढंच म्हणाले. ना आवाज चढवला, ना मेमो दिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला सोडून त्याच्या पुढच्या माणसाला विचारायचे. समोरून आले तर मोबाईल काढून पाहत निघून जायचे.

"ओरडले तर नाही ना?" बाजूच्या टेबलावरचा अंकित म्हणाला. "मंग सुटला तू. चहा पाज."

सुशीलने चहा पाजला. पण त्या दिवसापासून त्याला पहाटे जाग येऊ लागली. छातीवर कोणीतरी तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. जेवणाची चव गेली. बुटाची नाडी बांधायला खाली वाकला की तसाच बसून राहायचा. आपण या नोकरीच्या लायकीचे नव्हतोच, इतकी वर्षं लोकांना कळलं नाही एवढंच, असं त्याला खात्रीने वाटू लागलं.

त्याची बायको श्वेता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. तिला आधी वाटलं थायरॉइड असेल. एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावरच त्याचा हात धरला, दंडाला रबर बांधलं आणि रक्त काढलं. इतरांचं रक्त ती रोज काढायची, पण नवऱ्याच्या हातात सुई टोचताना तिला जाणवलं की हा हात किती वाळलाय. रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह थोडं कमी होतं, बाकी सगळं ठीक.

"रिपोर्ट चांगला आहे," ती म्हणाली.

"मग माझ्यातच काहीतरी खराबी आहे," सुशील म्हणाला. हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की श्वेता घाबरली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो मोटरसायकल घेऊन कंपनीच्या गेटपर्यंत गेला आणि आत जाऊ शकला नाही. गेटवरच्या गार्डने हात केला, त्यानेही केला, आणि गाडी वळवली. तीन तास तो जवळच्याच एका बंद शेडच्या पायरीवर बसून होता. शेवटी त्याने श्वेताला फोन लावला. बराच वेळ काही बोलताच येईना. "तुम्ही आहे तिथेच बसा," ती म्हणाली. "मी येऊन राहिली."

ती स्कूटरवर आली. काही विचारलं नाही. त्याची मोटरसायकल गार्डच्या हवाली केली आणि त्याला मागे बसवून घरी आणलं. तिसऱ्या दिवशी तशीच मागे बसवून ती त्याला सदर भागात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर रितिका वयाने सुशीलपेक्षा लहान होत्या. झोप, भूक, कामाचं सगळं विचारून झालं. नैराश्य आहे, औषधाने आणि बोलण्याने बरं होतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "लहानपणी घरी मार बसायचा का?"

"नाही," सुशील लगेच म्हणाला. "बाबांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही."

"मग चूक झाली की काय व्हायचं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"बोलत नव्हते," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. त्याचे वडील मनोहरराव इतवारीच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकायचे. दुकानासमोर पाटावर बसून, हातातल्या छोट्या मशीनने ते लग्नाच्या भांड्यांवर इतकी सुरेख अक्षरं कोरायचे की लोक उभे राहून पाहायचे. सुशील नऊ वर्षांचा असताना, पोळ्याच्या दोन दिवस आधी, वडील जेवायला गेले म्हणून तो पाटावर बसला आणि त्याने ती मशीन चालवून पाहिली. त्याला स्वतःचं नाव टाकायचं होतं. हात घसरला. गिऱ्हाइकाच्या नव्या परातीवर आडवा ओरखडा पडला.

मनोहरराव आले. त्यांनी परात पाहिली, मुलाकडे पाहिलं, परात बाजूला ठेवली आणि पुढचं भांडं उचललं. त्यानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत. पोळा गेला. गणपती बसले. शेजारच्या पोरांबरोबर तो आरतीला जायचा आणि डोळे मिटून एकच मागायचा. घरी वडील आईला म्हणायचे, "त्याले म्हणा जेवून घे." तो समोरच बसलेला असायचा. त्याने त्या दिवसांत वडिलांच्या चपला पुसल्या, न सांगता पाणी भरलं, पाढे मोठ्याने म्हटले. काही उपयोग झाला नाही. गणपती पाण्यात शिरवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "दूध घेऊन ये."

"मी पळत गेलो," सुशील म्हणाला. "इतका आनंद मला कधी झाला नव्हता, डॉक्टर. नंतरही कधी झाला नसेल." आणि खोलीत बसल्या बसल्या तो रडू लागला.

डॉक्टरांनी त्याला रडू दिलं. नंतर म्हणाल्या, "असं एकदाच झालं?"

"इतके दिवस एकदाच. चार दिवस, आठ दिवस, असं नेहमी व्हायचं. आई मधे होती. ती निरोप पोचवायची. आई गेली त्याला तीन वर्षं झाली."

"मोठं माणूस गप्प झालं की लहान मूल त्याचा एकच अर्थ लावतं, आपण वाईट आहोत. पुन्हापुन्हा तसं झालं की तो अर्थ आत पक्का बसतो. आता तुमच्या साहेबाने बोलणं टाकलं. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन त्याला चार शिव्या दिल्या असत्या. तुम्ही त्या स्वतःला देऊन राहिले."

"म्हणजे हे बाबांमुळे झालं?"

"सगळं एका माणसावर नका टाकू. या आजाराला पुष्कळ कारणं असतात, काही रक्तातलीही असतात. तशाच घरात वाढलेले कितीतरी जण कधीच आजारी पडत नाहीत. पण आपला पाय कुठे घसरतो ते कळलं, तर तिथे जपून चालता येतं."

गोळ्या सुरू होत्या. सुशील वैद्यकीय रजेवर होता. जयताळ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर आतल्या खोलीत पडून असायचा. श्वेता लॅबमध्ये, आठ वर्षांची भूमिका शाळेत. संध्याकाळी घरात आवाज यायचे, पण त्याला त्यात सामील होण्याचं बळ नसायचं. कोणी काही विचारलं तर तो मान हलवायचा. आपण गप्प आहोत हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटत होतं आपण कोणाला त्रास देत नाही.

एका रविवारी दुपारी तो डोळे मिटून पडला होता. दार अर्धवट लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात श्वेता पोळ्या लाटत होती. भूमिका तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, पप्पा माझ्यावर किती दिवस रागावून राहणार आहेत?"

लाटण्याचा आवाज थांबला.

"रागावले नाहीत गं बेटा. त्यांना बरं नाही."

"मला माहीत आहे ना. पण किती दिवस? मी रोज शूज पुसते त्यांचे. ते तर पाहतच नाहीत."

सुशील उठून बसला. कोपऱ्यात त्याचे कंपनीचे बूट होते. तीन आठवडे त्याने ते घातले नव्हते आणि त्यांच्यावर धूळ नव्हती. त्याने आजवर ते पाहिलंच नव्हतं.

"भूमी," त्याने हाक मारली. आवाज बसलेला निघाला. "इकडे ये."

ती आली आणि दारातच उभी राहिली. हात मागे बांधलेले, पाय जुळवलेले. शाळेत बाईंसमोर उभं राहावं तसं. मग त्याने काही विचारायच्या आतच भडाभडा बोलायला लागली. "पप्पा, तुमच्या हेल्मेटची काच मी फरशीवर घासली होती. खेळताना. आणि कंपास हरवला तो शाळेत नाही हरवला, मी वर्गातल्या रितूला देऊन टाकला. आणि मम्मीला सांगितलं होतं दूध पिलं, पण मी बेसिनमध्ये..."

"थांब, थांब."

"अजून काही केलं असेल तर मला आठवून नाही राहिलं," ती म्हणाली.

सुशीलला खाली उतरून तिच्यापर्यंत जायला चार पावलंच लागली, पण त्याला ती फार लांबची वाटली. तो तिच्यासमोर फरशीवर बसला.

"माह्याकडे पाह्य," तो म्हणाला. "तू काहीच केलं नाही. काच घासली ना, घासू दे. मी तुह्यावर एक दिवससुद्धा रागावलो नाही."

"मग बोलत काहून नाही?"

"मले बिमारी झाली आहे. या बिमारीत माणसाले बोलाची ताकदच राहत नाही."

तिने लगेच त्याच्या कपाळावर हात ठेवला. "ताप तर नाही."

"ताप नाही येत याच्यात. मन दुखते. डॉक्टर औषध देऊन राहिली, बरं होते ते. पण वेळ लागते."

"मी झोपून राहिली होती तेव्हा मला टायफॉइड होता. मला पण बोलावं नव्हतं वाटत," भूमिका विचार करत म्हणाली. "तेव्हा तुम्ही जवळ बसायचे नुसते."

"मंग तूही बस."

ती बसली. पाचच मिनिटं बसली असेल, कारण तिला पोळी खायची होती. पण जाताना ती धावत गेली. श्वेता दारात उभी होती. तिच्या हाताला कणीक लागलेली होती आणि ती मनगटानं डोळे पुसत होती.

त्या आठवड्यात सुशीलने ठरवलं की वडिलांना भेटायचं. मंगळवारी सकाळी दहा वाजता तो इतवारीत पोचला. गल्लीत माल उतरवणारे टेम्पो उभे होते, त्यांच्यातून वाट काढत तो वडिलांच्या वरच्या दोन खोल्यांत गेला. मनोहरराव एकाहत्तर वर्षांचे झाले होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी काम सोडलं होतं. मुलाने कितीदा बोलावलं तरी ते जयताळ्याला राहायला येत नसत.

"ये," ते म्हणाले. त्यांनी चहा टाकला. दोघे बसले. रिवाजाप्रमाणे पाच मिनिटं कोणी बोललं नाही.

"ड्युटी नाही आज?"

"महिना झाला, सुट्टीवर आहो. आजारी आहो मी, बाबा. डिप्रेशन म्हणतात ते." सुशील थांबला नाही. "तुम्हाले एक विचाराचं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. परातीवर ओरखडा पाडला होता. तुम्ही सोळा दिवस बोलले नाही माह्याशी."

मनोहररावांनी कप खाली ठेवला. आठवत नाही, असं ते म्हणतील अशी सुशीलने मनाची तयारी केली होती.

"सोळा होते काय," ते म्हणाले. "मले वाटे वीसेक झाले असतील."

"तुम्हाले आठवते?"

"न आठवाले काय झालं."

खाली कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मग त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "या कानानं मले ऐकू येत नाही, माहीत आहे ना तुले?"

"हो. लहानपणी कान फुटला होता म्हणून."

"फुटला नव्हता. माह्या बापानं फोडला. बैल बांधाले विसरलो होतो मी. दहा वर्षांचा असन." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तू झाला तेव्हा तुह्या आईले मी म्हटलं, या पोराच्या आंगाले मी हात लावणार नाही. नाहीच लावला. पण राग तर बापाचाच होता ना आतमध्ये. राग आला का हात सळसळे. मंग मी तोंडच बंद करो. मले वाटे, आज वाचलं पोट्टं."

"पण सोळा दिवस, बाबा?"

"राग तर त्याच दिवशी संध्याकाळी उतरला होता." म्हातारा खिडकीकडे पाहत म्हणाला. "मंग बोलाचं कसं, तेच समजे नाही. सुरुवात कोठून कराची? तुही आई म्हणे, बोला जी, पोट्टं सुकून चाललं. मी म्हणो, उद्या बोलतो. उद्या आला का पुन्हा लाज वाटे. जितके दिवस जात तितकं कठीण होत जाये. शेवटी दूध संपलं होतं म्हणून तोंडातून निंगालं."

सुशील ऐकत राहिला. तीस वर्षं ज्या गोष्टीला त्याने शिक्षा मानलं होतं, तिच्या आत एक घाबरलेला, शब्द न सापडणारा माणूस बसलेला होता. त्याला दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"मले वाटलं तुम्ही मले टाकून दिलं," तो म्हणाला. "रोज सकाळी उठून मी पाहो, आज तरी घेता का परत. अजूनही कोणी माह्याशी बोललं नाही का मले तेच वाटते. चाळीस वर्षांचा होऊन राहिलो मी."

मनोहरराव उठले. सुशीलला वाटलं ते आत जातील. ते त्याच्या मागे येऊन उभे राहिले, आणि थरथरता हात त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला. ठेवला आणि तिथेच राहू दिला. कसा फिरवायचा ते त्यांना माहीत नव्हतं.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. "आता काय कराचं मंग? डॉक्टर काय म्हणते?"

"बोलत जा म्हणते."

"काय बोलाचं?"

"काहीही. काय जेवले ते सांगा."

"ते तर काय, वांगेच राहतात," मनोहरराव म्हणाले, आणि सुशीलला कित्येक आठवड्यांनी हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला त्यांचा फोन येऊ लागला. सुरुवातीला ते फोनवर निरोप दिल्यासारखे बोलायचे. "वांगे केले. मीठ जास्त पडलं. फोन ठेवू?" हळूहळू बोलणं लांबलं. गल्लीतल्या कोणाच्या घरी लग्न आहे, संत्र्याचा भाव काय आहे, तुझी आई कढीत काय घालायची ते मला समजत नाही. काही दिवशी सुशीलला फोन उचलायचीही इच्छा नसायची. तेव्हा तो उचलून एवढंच म्हणायचा, "आज मन नाही, बाबा." तिकडून यायचं, "बरं. उद्या करतो." आणि दुसऱ्या दिवशी सहाला खरंच फोन यायचा.

औषधाने आधी झोप परत आणली, मग भूक. बाकीचं सावकाश आलं. सगळंच आलं असंही नाही. दिवाळीनंतर तो कामावर गेला आणि पहिल्याच दिवशी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. "सर, त्या मालाबद्दल तुमच्या मनात जे आहे ते मला तोंडावर सांगा," तो म्हणाला. "न बोलणं मला झेपत नाही."

साहेब जरा चपापले. मग म्हणाले की हो, कस्टमरसमोर मान खाली घालावी लागली म्हणून ते चिडले होते, आणि आता त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं आहे. सुशीलने येणाऱ्या कच्च्या मालाची तपासणी पाहावी. ते काम कमी महत्त्वाचं होतं. सुशील बाहेर आला तेव्हा अंकितने विचारलं, "काय झालं?"

"खाली उतरवलं मले," सुशील म्हणाला, आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण छातीत दुखलं ते एवढंसंच होतं. सांगून दिलेली शिक्षा होती ती. तिची लांबीरुंदी त्याला दिसत होती.

जानेवारीत मनोहरराव आठ दिवसांसाठी म्हणून जयताळ्याला राहायला आले. त्यातल्या एका सकाळी सुशीलला छातीवरचं ते ओझं पुन्हा जाणवलं. बाहेर थंडी होती, भूमिकाची शाळेची गडबड चालली होती, श्वेता डबे भरत होती. पूर्वी त्याने पांघरूण ओढून घेतलं असतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

"आज जड वाटून राहिलं मले," तो श्वेताला म्हणाला.

तिने हातातला डबा ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "खूप?"

"मागच्यासारखं नाही. पण आहे."

"गोळी घेतली? मी डॉक्टरांना विचारते दहा वाजता. जाता येईल का कामावर?"

"तासभर उशिरा जातो."

"मग मला शाळेत कोण सोडणार?" भूमिका बाहेरून ओरडली. तिला एक मोजा सापडत नव्हता आणि ती चांगलीच चिडलेली होती. "उशीर झाला की बाई बाहेर उभं करतात. पप्पा, तुम्ही काल प्रॉमिस केलं होतं!"

"केलं होतं. आज नाही जमणार. रागव तू," सुशील म्हणाला.

"रागावलीच आहे मी!"

मनोहररावांनी स्वेटर चढवला, टोपी घातली आणि तिचं दप्तर उचललं. "चाल गा पोरी, मी येतो," ते म्हणाले. भूमिकाने त्यांना सांगितलं की मुलींना गा नाही म्हणत, वं म्हणतात. "बरं, चाल वं," ते म्हणाले. दोघे जिन्यावरून खाली उतरले. ती अजूनही मोज्याबद्दल भांडत होती, आणि ते तिला उत्तरं देत होते.

सुशीलने कंपनीत फोन करून उशिरा येतो म्हणून कळवलं. मग श्वेताने दिलेला चहा घेऊन तो गॅलरीत उन्हात बसला.